माक लोंगच्या परसातले नोंदणीकृत जिवाणू

आमच्या तलुक रेंगास गावात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक पाटी आहे. चोवीस तासांहून जास्त मुक्काम करणाऱ्या पाहुण्याने गाव-कार्यालयात नोंद करावी, असं तीवर लिहिलेलं आहे. पाटी गंजली आहे, नियम गंजलेला नाही. जावई सासुरवाडीला दोन रात्री राहिला तरी तो ओळखपत्र घेऊन माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहतो. मी या कार्यालयाचा सचिव, बहारुम. मागे एक मोटारसायकलचोरसुद्धा रीतसर नोंद करून आमच्या गावात राहून गेला. मोटारसायकली मिळाल्या नाहीत, पत्ताही खोटा निघाला, पण अर्जातलं अक्षर सुवाच्य होतं आणि सगळे रकाने भरलेले होते.

हे सांगण्याचं कारण असं, की पुढे जे घडलं ते नियमाला सोडून घडलं, असं कोणी म्हणू नये.

माक लोंग रुबिया ही आमची सगळ्या गावाची थोरली मावशी. तिचं घर कंपनीच्या पंपघराच्या उताराला आहे. पंपघरात जमिनीखाली डिझेलची टाकी आहे, आणि ती टाकी किती वर्षं गळत होती हे कंपनीलाही माहीत नाही, कारण विचारलं की कंपनी म्हणते टाकी गळत नाही. माक लोंगच्या परसातली माती काळी पडली, केळी वाळल्या आणि विहिरीच्या पाण्यावर तवंग आला. माक लोंग पातीन मासे धुरावर सुकवून बाजारात विकते. नवरा गेल्यावर तिने त्या माशांवरच तीन मुलींची लग्नं लावली. आता गिऱ्हाइकं मासा नाकाशी धरून परत ठेवू लागली. एकाने तर तिला विचारलं, की मासे धुरावर सुकवतेस की स्टोव्हवर.

तिने तक्रार केली. कंपनीने कळवलं की सदर डिझेल कंपनीचं असल्याचा पुरावा नाही. पर्यावरण खात्याने कळवलं की डिझेल जमिनीखाली असल्यामुळे विषय खनिज खात्याचा आहे. खनिज खात्याने कळवलं की त्यांच्याकडे फक्त जमिनीतून वर येणारं तेल येतं, वरून खाली जाणाऱ्या तेलाशी त्यांचा संबंध नाही. शेवटी कंपनीने माणुसकी म्हणून, जबाबदारी म्हणून नव्हे, आठवड्यातून दोनदा पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू केला. परसातली माती स्वच्छ असल्याचा दाखला मिळेपर्यंत टँकर येईल, असं ठरलं. दाखला मिळण्याची भीती त्या वेळी कोणाला नव्हती.

मग बांडुंगच्या विद्यापीठातून डॉक्टर तीतीन आल्या. जावा बेटावरची बाई, बारीक चणीची, बोलायला गोड. त्यांनी परसातली माती पिशव्यांतून नेली, आणि काही महिन्यांनी परत येऊन माक लोंगच्या ओट्यावर बसून सांगितलं की मातीत काही जिवाणू असे असतात, की डिझेल हेच त्यांचं जेवण. तुमच्या मातीत ते आहेतच, पण उपाशी आणि थोडे आहेत. आम्ही त्यांना प्रयोगशाळेत वाढवलंय. आता ते परत मातीत सोडायचे, वर थोडं खत घालायचं, माती खालीवर करून हवा द्यायची आणि ओल टिकवायची. बाकीचं ते बघून घेतील.

"म्हणजे माझ्याच परसातले," माक लोंग म्हणाली. "मी म्हणतेच आहे, या गावात कामाचं कोणी ना कोणी असेल."

जिवाणू पिकअप गाडीतून, पांढऱ्या कॅनमधून आले. गाडी कार्यालयासमोर थांबली तेव्हा पंगहुलू सरकावी, म्हणजे आमचे गावप्रमुख, ओसरीवर कॉफी पीत बसले होते. कॅनमध्ये काय आहे ते त्यांनी विचारलं आणि डॉक्टरबाईंनी सरळ मनाने सांगितलं. शिकलेल्या माणसांचं हेच चुकतं. पाणी आहे म्हणाल्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं.

"मुक्काम किती दिवस?" पंगहुलूंनी विचारलं.

"डिझेल संपेपर्यंत. सहा-आठ महिने."

पंगहुलूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची ओढून संगणक सुरू केला.

नोंदणी सोपी नव्हती. एका चमच्यात किती कोटी असतात हे बाईंनी सांगितल्यावर पंगहुलूंनी सामूहिक नोंदीला परवानगी दिली. वैवाहिक स्थितीचा रकाना रिकामा सोडता येत नाही. ते लग्न करत नाहीत, एकाचे दोन होतात, असं बाई म्हणाल्या, तेव्हा आम्ही घटस्फोटित असं लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात खाणे हा पर्याय नव्हता, म्हणून सरकारी सेवा निवडावं लागलं. जन्मस्थानावर मात्र पेच पडला. आमच्याकडे कुठल्याही कामात दहातली सात माणसं भूमिपुत्र असावी लागतात. बाई म्हणाल्या, सगळे इथलेच, माक लोंगच्या परसातले. पंगहुलू म्हणाले, पण वाढले बांडुंगला. बाहेर जाऊन शिकून आलेला भूमिपुत्र राहतो का, हा प्रश्न नाजूक होता, कारण पंगहुलूंचा पुतण्या नुकताच जावा बेटावरून पदवी घेऊन परतला होता आणि त्याच मुद्द्यावर त्याला नोकरी नाकारली गेली होती. अखेर दोन्ही प्रकरणं एकाच निकालात बसवली. जिवाणू भूमिपुत्र ठरले, आणि पुतण्या जिवाणू प्रकल्पाचा व्यवस्थापक झाला.

त्यावर तरुण मंडळाचा मोर्चा आला. गावातली पोरं रिकामी बसलेली असताना बाहेरून कामगार का आणता, हा त्यांचा सवाल होता. डॉक्टरबाईंनी विचारलं की तुम्ही डिझेल खाणार का. मंडळाच्या अध्यक्षाने क्षणभर विचार केला आणि पगार काय असेल ते विचारलं. तडजोड अशी झाली की जिवाणूंनी काम करायचं आणि पोरांनी त्यांच्यावर देखरेख ठेवायची. पोरांना केशरी जाकिटं मिळाली. ती दिवसभर परसाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून जमिनीकडे बघायची आणि संध्याकाळी हजेरी लावायची. जिवाणू दिसत नसल्यामुळे सगळे हजर धरले जात. आमच्या कार्यालयातही हीच पद्धत आहे, त्यामुळे कोणाला शिकवावं लागलं नाही.

आणि गंमत म्हणजे एवढं सगळं होऊनही जिवाणू काम करत राहिले.

माती माक लोंगच खालीवर करायची. खुर्चीवरल्या पोरांना ती म्हणायची, बसा रे बाळांनो, उठू नका, तुमच्या पायाखाली कोणी चिरडेल. खत टाकायची, नारळाच्या करवंटीने पाणी शिंपडायची. दोन-अडीच महिन्यांत परसातला तो डोकं धरणारा वास उतरला. एका कोपऱ्यात पाणपालक उगवला, आपोआप. एका सकाळी मी टँकरच्या सहीसाठी गेलो, तर माक लोंग विहिरीच्या काठावर ओंजळीत पाणी घेऊन बसली होती. पीत नव्हती, नुसती बघत होती. तवंग अजून होता, पण तुटक, कडेकडेला.

"हारुम," ती म्हणाली, "पुढच्या ईदला मासे याच पाण्यात धुईन बघ."

मला खरोखर बरं वाटलं. सरकारी माणसालाही कधीकधी बरं वाटतं, फक्त ते कुठे लिहायचं त्याचा रकाना नाही.

डॉक्टरबाईंनी माती तपासली. अर्ध्याहून जास्त डिझेल गेलं होतं. त्यांना परीक्षांसाठी बांडुंगला परतायचं होतं. जाताना त्या आम्हा तिघांना बजावून गेल्या, मला, पुतण्याला आणि माक लोंगला, की ओल ठेवा, हवा द्या, आणि मी येईपर्यंत मातीत दुसरं काहीही घालू नका. पुतण्याने ते लिहून घेतलं. माक लोंगने नुसती मान हलवली.

बाई गेल्या आणि काम चालल्याची बातमी जिल्ह्याला पोचली. तिथे खळबळ उडाली. उद्घाटन झालेलं नसताना प्रकल्प चालतोच कसा, असा प्रश्न उपस्थित झाला. आजवर जिल्ह्यात उद्घाटन होऊन न चाललेले प्रकल्प पुष्कळ होते आणि त्यांच्या बाबतीत कधी अडचण आली नव्हती. पण उद्घाटनाआधीच अर्धं काम उरकणं ही सरळसरळ शिस्तभंगाची बाब होती. बुपाती साहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, मोठं मन करून जिवाणूंना माफ केलं आणि उद्घाटनाला स्वतः येण्याचं कबूल केलं.

साहेब येणार म्हटल्यावर आम्ही काय करतो ते कोणाला सांगायला नको. रस्त्याच्या कडा चुन्याने रंगवल्या. भटकी कुत्री नदीपलीकडे सोडली. साहेबांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून टेकडीवरून चार ट्रक लाल माती आणून परसात उभारलेल्या मंचाजवळ भराव घातला. मग आरोग्य खात्याचं पथक पाहणीला आलं. ज्या जागेवर साहेब पाय ठेवणार त्या जागेवर काही जंतूबिंतू आहेत का, असं त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं. बाकीच्या गावांत लोक नाही म्हणतात आणि विषय संपतो. आमच्याकडे नोंद होती. अब्जावधी, सहा-आठ महिने मुक्कामाला, सरकारी सेवेत.

पथकप्रमुखाचा चेहरा उतरला. त्याने फिनेलचे आणि चुन्याचे आदेश तिथल्या तिथे काढले आणि अंमलबजावणी स्थानिक कार्यालयाने करावी असं लिहिलं. स्थानिक कार्यालय म्हणजे मी.

मी पाठीला पंप बांधून, तोंडाला फडकं लावून परसात गेलो तेव्हा माक लोंग दारात पाय रोवून उभी होती. हातात कोयता होता, पण तो मासे कापण्याचा होता.

"डॉक्टरीण काय सांगून गेली?"

"मातीत दुसरं काही घालू नका म्हणाल्या."

"मग हे पाठीवर काय सरबत आणलंस?"

"हे जिवाणूंसाठी नाही माक लोंग, हे साहेबांसाठी आहे."

"मग साहेबाला न्हाऊ घाल त्यानं. माझ्या मातीत कशाला?"

मी तिला समजावलं. कुठलीही कारवाई नोटिशीशिवाय होणार नव्हती. काठीला लावलेली नोटीस मी आदल्याच दिवशी परसात रोवली होती. फवारणीच्या वेळेत सर्व नोंदणीकृत रहिवाशांनी जागा तात्पुरती रिकामी करावी, हरकत असल्यास कार्यालयीन वेळेत नोंदवावी, असं तिच्यात लिहिलं होतं. ती नोटीस मी भोंग्यावरून वाचूनही दाखवली होती. एकाही जिवाणूची हरकत आलेली नव्हती.

माक लोंगने कोयता खाली केला. "तुझं जावळ काढलं ना हारुम, तेव्हा तुझं डोकं याच विहिरीच्या पाण्यानं भिजवलं होतं. ते पाणी आत काही झिरपलं नाही रे." मग ती बाजूला झाली. आदेशापुढे माझा नाइलाज होता. मी मुळीच कुचराई केली नाही, कोपरा न् कोपरा फवारला. पाणपालकही सुटला नाही. केशरी जाकिटातल्या पोरांनी संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळे हजर लिहिले.

समारंभ देखणा झाला. ढोल वाजले, पोरींनी ताटातला विडा पुढे केला. पंगहुलूंनी आमच्या रिवाजाप्रमाणे चार ओळी म्हटल्या:

"झाडावरती दुरियान पिकला,
घाटाला लागली नाव;
पाहुणा दिसो अथवा न दिसो,
पाहुणचार करतं हे गाव."

लोकांनी वाहवा केली. मग साहेबांनी पिवळ्या तांदळाच्या अक्षता आणि सुगंधी पाणी त्या फिनेलने धुतलेल्या मातीवर शिंपडून जिवाणूंना दीर्घायुष्य चिंतलं. त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले की डिझेलचा मागमूस नाही. ते खरंच होतं. फिनेलपुढे डिझेलचा काय, आमच्या अख्ख्या मासळीबाजाराचा मागमूस लागला नसता.

मातीचा नमुना साहेबांच्या हस्ते घ्यायचा होता. साहेबांना वाकणं जमत नाही, म्हणून मंचावरून हात पोचेल तिथली माती घेतली, म्हणजे टेकडीवरची. सोबत आणलेल्या यंत्राने ती शंभर टक्के स्वच्छ ठरवली. टाळ्या झाल्या. दाखल्यावर तिथेच सही झाली, आणि दाखला झाला म्हणून पाण्याचा टँकरही तिथेच बंद झाला. साहेबांनी जाहीर केलं की हा टँकर आता खऱ्या गरजूंकडे, त्यांच्या मेहुणीच्या गावाकडे वळवण्यात येत आहे. त्यालाही टाळ्या झाल्या. मी दोन्ही वेळा वाजवल्या.

एवढ्यात माक लोंग घरातून आली. तिने तिचा ईदचा हिरवा पोशाख घातला होता आणि हातात तबक होतं. तबकात कॉफीचे कप होते, वाफाळलेले, आणि प्रत्येक कपावर पातळ सप्तरंगी साय होती.

"साहेब, माझ्या विहिरीची कॉफी," ती म्हणाली. "दाखला मिळाला, आता तोंड गोड करा."

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. कोणी आदराने पुढे केलेलं खाणंपिणं नाकारून उठलं, तर वाटेत त्याच्यावर संकट ओढवतं, असं आम्ही मानतो. साप चावतो, होडी उलटते, गाडी झाडावर जाते. मोठमोठे अधिकारीही हे मानतात, विशेषतः परतीचा रस्ता जंगलातला असेल तर. पण आमचे पूर्वज शहाणे होते. ज्याला खायची इच्छा नाही त्याने नुसतं बोटाचं टोक भांड्याला लावावं आणि ते ओठांना टेकवावं. एवढं केलं की खाल्ल्यासारखंच धरतात. संकट टळतं आणि पोटही बिघडत नाही.

बुपाती साहेबांनी कपाला बोट लावलं, ओठांना टेकवलं आणि म्हणाले, "वा, काय चव आहे." आरोग्य पथकाने बोट लावलं. कंपनीच्या साहेबाने बोट लावून ते रुमालाला पुसलं. पंगहुलूंनी लावलं, पुतण्याने लावलं. मग सगळ्यांनी आपापल्या बाटलीबंद पाण्याची झाकणं उघडली. तबक फिरत फिरत माझ्यापाशी आलं.

"तू तरी पी रे," माक लोंग हळूच म्हणाली. "तुला मी वाढवलाय."

मी तिच्याकडे न बघता बोट लावलं. अहवालात मी नमूद केलं आहे की उपस्थित सर्वांनी विहिरीच्या पाण्याची कॉफी घेतली व समाधान व्यक्त केलं. रिवाजाप्रमाणे यातला शब्दन् शब्द खरा आहे.

डॉक्टरबाई परीक्षा संपवून आल्या, त्यांनी मातीचा लाल थर बाजूला सारला, खालची माती हातात घेतली आणि हुंगून पाहिली. नंतर म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, मी जिवाणू परत आणते. आम्ही त्यांना दाखला दाखवला. स्वच्छ मातीत जिवाणू सोडण्याची तरतूद नाही. उलट आधीच्या जिवाणूंचं काय झालं, हा प्रश्न आमच्याकडे प्रलंबित होता. गावातून स्थलांतर करताना जो दाखला घ्यावा लागतो तो त्यांच्यापैकी एकानेही घेतलेला नव्हता. ज्याच्या घरी पाहुणा उतरला त्यानेच पाहुणा गेल्याची खबर द्यायची, असा नियम आहे. म्हणून माक लोंगला कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली. लोक म्हणाले चोर सोडून संन्याशाला फाशी. लोकांना नियम माहीत नसतात.

माक लोंगचा मासळीचा धंदा बसला. आता ती साहेबांच्या मेहुणीच्या गावापर्यंत तीन कोस चालत जाते आणि टँकरच्या रांगेत शेवटी उभी राहते, कारण पहिला हक्क तिथल्या भूमिपुत्रांचा. परस मात्र आदर्श प्रकल्प म्हणून घोषित झालं आहे. बघायला लांबलांबून मंडळी येतात, जपानहून आली होती, विद्यापीठांतली येतात. माक लोंग प्रत्येकाला ओट्यावर बसवते, सगळं सांगते आणि कॉफी पुढे करते. मंडळी ऐकतात, हळहळतात, मान हलवतात, कपाला बोट लावतात आणि जंगलातल्या रस्त्याने सुखरूप घरी पोचतात. ती कोणावर रागावत नाही. कप उचलून आत नेते आणि ओतून देते.

आता तुमचंच बघा. तुम्हीही तिच्या ओट्यावर बसून इथपर्यंत सगळं ऐकलंत. मला हसलात, साहेबांना हसलात, माक लोंगसाठी थोडं वाईटही वाटलं असेल. कप अजून तुमच्या पुढ्यात तसाच आहे, आणि तुम्ही आता उठणार, हेही मला दिसतं आहे. संकोच करू नका. बोट लावलंत, तेवढं पुरे. तुमचं नाव मी कॉफी घेतलेल्यांत लिहिलं आहे.